भरतीच्या पाण्यातली कुंभारआळी

आळीत शिरताना

"कुंभारआळीत शिरायचं तर आधी चपला काढायच्या," यूसुफ म्हणाला, आणि आवडामावशीने खरंच पाय वर घेतले. चपला खाटेखाली सारल्या.

शुक्रवार होता. कुवेतमधल्या अहमदीच्या कामगारवस्तीतल्या त्या दोन खोल्यांवर सकाळी नऊलाच ऊन असं बसलं होतं की भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्याची आठवण व्हावी. मावशीला ऊन नुसतं पांढरं दिसे. मोतीबिंदूने तिला उजेड आणि सावली एवढंच ठेवलं होतं. म्हणून ती यूसुफच्या आवाजाकडे कान करून बसे आणि हातांनी मांडीवरचं लुगडं सारखं करत राही, जणू काही पसारा आवरायचा आहे.

"मग?"

"मग उतार लागतो. दोन्ही बाजूंना पडव्या. पडव्यांत पाट, पाटांवर पांढरे गणपती. अजून रंग नाही कुणाला."

"आळी चढाची होती रे आमच्या वेळी."

"पेणच्या बाजारातून गेलं तर चढ, मावशी. मी खाडीकडून शिरलो."

"हां," मावशी म्हणाली. थोडा विचार केला. "खाडीकडून कधी गेली नाय मी."

यूसुफ नाखवा जयगडच्या खाडीवरचा. बापजादे गलबतांवरचे, हा मात्र कोरड्या जमिनीवर कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. पेणच्या कुंभारआळीत तो उताराने गेला नव्हता, चढानेही गेला नव्हता. जन्मात गेला नव्हता. हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं: त्याला, आणि दाराशी लसूण सोलत बसलेल्या त्याच्या बायकोला, फखरुन्निसाला. तिने लसणाची एक पाकळी जरा जोरात ताटलीत टाकली.

उलट्या पावली, चैत्राकडे

अठ्ठावन्न सालच्या पौषात हिराजीने आईला, म्हणजे आवडामावशीला, इकडे आणलं. हिराजी वेल्डर, यूसुफच्या भिंतीपलीकडे राहणारा. पेणला तिचं कुणी उरलं नव्हतं. भाऊ गेला, त्याचा कारखाना त्याच्या हाताखालच्या कारागिराकडे गेला. आईने येताना एक लोखंडी पेटी आणली आणि ती काथ्याच्या सुंभाने आवळून, वर सात गाठी मारून कोपऱ्यात ठेवली. आठवडा झाला, महिना झाला, पेटी सुटेना. लागेल ते लुगडं ती फटीतून ओढून काढी आणि सुंभ पुन्हा चेपून बसवी.

"आई, सोड की आता," हिराजी म्हणे.

"कशाला? ही खोली हाय. घर झालं की सोडीन."

घर कधी होणार तेही तिने सांगून टाकलं. आमच्यात घरचा पाट आधी आळीत जातो, त्या पाटावरच देव घडतो, त्याच पाटावरून घरी येतो. यंदा पाट गेला आणि देव आला, तर हे घर. नाय आला तर दसऱ्याच्या आधीच्या आगबोटीत मला बसवून द्यायचं. तिकडे कुणी नसलं तर नसलं, भिंती तरी वळखीच्या हायत.

हिराजी तसा धीराचा माणूस, पण त्या दिवशी त्याने यूसुफपाशी येऊन नुसती बिडी फिरवली, पेटवली नाही.

यूसुफ चैत्रात रजेवर निघणार होता. मग पाट तयार झाला. कंपनीच्या यंत्रांची खोकी ज्या फिक्या लाकडाची येत त्याच्या फळ्या हिराजीने घासल्या, खाली दोन पाय ठोकले. मावशीने हळदकुंकवात हात बुडवून वर पंजा उठवला. "हा पंजा आळीत वळखतील," ती म्हणाली. तिच्या हाताला चारच बोटं धड होती, करंगळी भट्टीत भाजून आखडलेली.

यूसुफने पाट गोणपाटात बांधून मुंबईला नेला आणि डोंगरीला बानूच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, दारामागे उभा करून ठेवला. आधी गाव, मग पुतणीचं लग्न, मग परतताना पेण, असा त्याचा हिशेब होता. गावाहून तो बावीस दिवसांनी परतला. दारामागे गोणपाट होतं, पाट नव्हता. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. आत बानूचे सासरे त्या पाटावर बसून अंगाला साबण लावत होते.

"भाईजान, फार सुरेख पाट आणलास," बानू म्हणाली. "अब्बांचा पाय सरकायचा मोरीत. आता रोज बसतात."

पाटावरचा पंजा धुऊन गेला होता. लाकूड फुगून एक कोपरा वर आला होता. जमिनीवर ठेवला की पाट डुलायचा.

आगबोट सुटायला तीन दिवस होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली असती तर एका दिवसात पेण करून परत येता आलं असतं. नवा पाटही मिळाला असता. यूसुफ धक्क्यापर्यंत गेलासुद्धा. पण काय घेऊन जाणार? दुसऱ्या पाटावर तो पंजा कुठून आणणार? आणि हा न्यायचा तर कुंभाराला काय सांगणार, यावर एक म्हातारबा आंघोळ करत होते? तो धक्क्यावर लाँच सुटेपर्यंत उभा राहिला, दुसरी सुटेपर्यंतही, आणि बानूकडे परत येऊन झोपला.

कुवेतला उतरल्यावर मावशीने पहिलाच प्रश्न केला, "दिलास पाट?"

"दिला," यूसुफ म्हणाला. तोंडातून आधी निघालं आणि मग कळलं.

"कशी हाय आळी?"

विहिरीशी

पहिल्या शुक्रवारी आळी दहा पावलांची होती. जे ठाऊक नाही ते सांगायचं कसं? म्हणून यूसुफने जे ठाऊक होतं तेच आळीत नेऊन ठेवलं. जयगडला बोंबील वाळूत पसरतात तसे त्याने गणपती वाळूत सुकायला ठेवले.

"वाळूत?" मावशीने विचारलं.

"नवी पद्धत आहे."

गलबताच्या फळ्यांतल्या फटींत कापूस ठोकतात तसा त्याच्या आळीतले कारागीर मूर्तींच्या भेगांत कापूस ठोकत बसले. पडव्यांना मोरीच्या तेलाचा वास आला. मोरी मासा ओ मावशी, बानूच्या घरची मोरी नव्हे, असं फखरुन्निसा मनातल्या मनात म्हणाली आणि तिला हसू आवरेना म्हणून ती पाणी आणायला उठली.

मग मावशी स्वतः चालायला लागली. "विहिरीपासून डाव्या हाताला पारूची ओटी," ती सांगे. "बसलीय का पारू?"

"बसलीय."

"काय करते?"

"सोंडा वळतेय. वळून वळून पुढ्यात लावल्यात. तीसएक असतील."

"उजवीकडे की डावीकडे?"

"सगळ्या डावीकडे."

"शहाणी हाय पारू," मावशी समाधानाने म्हणे. पारू मरून बारा वर्षं झाली होती हे तिने हिराजीला नंतर सांगितलं, यूसुफला नाही.

असे शुक्रवार जात राहिले. आषाढात आळी इतकी लांब झाली की एका बैठकीत संपेना. उताराच्या तळाशी खाडी आली. भरतीला पाणी आळीत चढू लागलं, पावलापावलाने, आवाज न करता. मग कुंभार हातातलं काम ठेवून उठत, आणि ज्या घराचा पाट त्या घराचं नाव घेत एकेक पाट माळ्यावर चढवत. ओहोटीला पुन्हा खाली. ओल्या उंबऱ्यांवर कोवळी शेवाळ, आणि त्यात मातीच्या उंदरांची इवली पावलं.

"उंदरांची पावलं कशी उठतील? ते मातीचे," हिराजी एकदा म्हणाला.

"तू गप," मावशी म्हणाली.

यूसुफला आता गोदामातही आळी दिसे. मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर टँकर लागलेला असे, तेलाचा जड वास हवेत उभा असे, आणि त्याला पाइपांच्या राशींमधल्या बोळात शिरताना वाटे, इथे वळलं की विहीर. एकदा तर त्याने वळण्याआधी चपला काढल्या. तापल्या लोखंडाचा चटका तळव्याला बसला तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं. मुकादम अशरफ पाहत होता.

"काय यूसुफमिया, मशीद लागली का वाटेत?"

"खडा टोचला," यूसुफ म्हणाला.

एका घराशी मात्र तो कधी गेला नाही. मावशीच्या भावाच्या कारखान्याशी, जिथे त्याने पाट दिल्याचं सांगितलं होतं. तिथवर आलं की भरती यायची, किंवा जेवायची वेळ व्हायची.

उंबऱ्यापाशी थांबून

"श्रावण संपला," फखरुन्निसा म्हणाली.

"ठाऊक आहे."

"हिराजी म्हणतो, मजीदची आगबोट बुधवारी यायची होती. ती आली. मजीदकडे मूर्ती नाही. तो म्हणतो, मला कोणी मूर्तीचं बोललंच नाय."

"मजीदला काय ठाऊक. तो बोटीवरचा बटलर."

"मूर्ती आणणार तोच होता ना? तूच सांगितलंस."

"सांगितलं."

"पाच वखत नमाज पढतोस नि दर जुम्म्याला म्हातारीला वाटेला लावतोस. आणि स्वतःही तिच्यामागून जातोस. मला तर कधीकधी वाटतं, तू आता परत यायचा नाहीस तिकडून."

"पाट कुठाय?"

"परत आणलास तेव्हापासून आपल्या खाटेखाली. कांदे ठेवलेत त्याच्यावर."

"कांदे?"

"मग? सासऱ्यांपेक्षा कांदे बरे."

बंद दार

चतुर्थीला चार दिवस होते. यूसुफ आत आला तेव्हा मावशीने आवाजाआधीच मान वळवली. चालण्यातून तिला कळलं असावं, त्याच्या हातात काही जड आहे.

"आज कुठवर?" तिने विचारलं.

"आज तुमच्या भावाच्या दारापर्यंत, मावशी."

हिराजी भिंतीला टेकून उभा राहिला. फखरुन्निसा आत आली नाही, दाराच्या चौकटीतच थांबली.

यूसुफने नेहमीसारखी सुरुवात केली. उतार, पडव्या, पांढरे गणपती. पारूची ओटी. विहीर. तो सावकाश चालला, कारण आज भरती येणार नव्हती. पुढे लाकडी जिना असलेलं घर गेलं, भट्टीच्या राखेचा ढीग गेला. मग तो थांबला.

"दार बंद आहे," तो म्हणाला. "मी कधी वाजवलंच नाही ते. मी आळीत गेलो नाही, मावशी. पाट दिला नाही. पाट हा इथे आहे."

त्याने पाट तिच्या मांडीवर ठेवला.

मावशीची बोटं पाटावर फिरली. जिथे पंजा होता तिथे थांबली, पुन्हा फिरली. वर आलेल्या कोपऱ्यावर आखडलेली करंगळी टेकली. तिने पाट नाकाशी नेला.

"कांदा," ती म्हणाली. "आणि खाली साबण."

"बहिणीकडे ठेवला होता. तिचे सासरे यावर बसून आंघोळ करत होते. त्यांना ठाऊक नव्हतं."

"किती दिवस?"

"बावीस."

"म्हणजे म्हातारा तरी स्वच्छ झाला असंल."

ती हसत नव्हती. तिने पाट खाली ठेवला. तो डुलला, थोडा वेळ डुलत राहिला. मग ती उठली, चाचपत कोपऱ्यात गेली, पेटीवरच्या गाठी एकेक करून मोजल्यासारख्या दाबल्या, आणि सैल वाटली ती ओढून घट्ट केली.

"हिराजी, आगबोटीचं बघ," ती म्हणाली.

आळीबाहेर

त्या रात्री यूसुफने डोळे मिटून आळीत जायचा प्रयत्न केला. वाळू होती, गणपती नव्हते.

गोदामातून

शनिवारी सकाळी गोदामाच्या मागच्या दाराशी त्याची चप्पल रुतली. काल कोणीतरी नळ उघडा ठेवला होता, आणि पाणी वाहत जिथे गेलं होतं तिथे एक पोतं फुटून सांडलं होतं. तेलाच्या विहिरी खणताना भोकात सोडतात ती माती. कंपनीचे लोक तिला मड म्हणत. परदेशातून बोटीने येई, पोत्यांवर पोती, पिठासारखी मऊ, आणि यूसुफने आजवर ती नुसती मोजली होती. आता ती पाणी पिऊन फुगली होती. चप्पल ओढून काढताना ती लोण्यासारखी सुटली आणि तळाची प्रत्येक रेघ तिने अंगावर उठवून ठेवली. चपलेची शिवण, खिळा, सगळं.

यूसुफ खाली बसला. दोन बोटांनी एक गोळी केली.

"ती झाडून फेकायची आहे," अशरफ लांबून ओरडला. "तुझ्या जेवणाच्या डब्यात कशाला भरतोस?"

"फेकायचीच आहे ना?"

"तुला ऊन लागलंय, यूसुफमिया."

दुपारी मावशीच्या पुढ्यात डबा उघडला तेव्हा फखरुन्निसा पुटपुटली, "चपातीच्या डब्यात." मावशीने बोट बुडवलं. मग ते बोट जिभेवर ठेवलं. हिराजी पुढे झाला, पण ती डोळे मिटून चव घेत होती, लोणच्याची घेतात तशी.

"खारी नाय," ती म्हणाली. "कुठली?"

"जमिनीखालची. म्हणजे परदेशातली, पण जमिनीखाली घालायची."

"हावरी हाय. किती पाणी पिते बघ. अशीच घडवली तर सुकताना रागावून फुटंल." तिने गोळा हातात तोलला. हात आता आवरासावर करत नव्हते. दोन्ही अंगठे आपोआप कामाला लागले होते. "वाळू आण."

कुवेतमध्ये मागितली की लगेच देता येईल अशी ती एकच गोष्ट होती. हिराजी दाराबाहेर गेला आणि ओंजळभर घेऊन आला. मावशीने ती चाळणीतून चाळायला लावली, दोनदा. मातीत मिसळली, तिंबली, ऐकली. खरंच कानाशी नेऊन दाबली, आणि आतून काहीतरी बारीक करकरलं तेव्हा मान हलवली.

"लई लहान होईल," ती म्हणाली. "वीतभर. आणि धरायला काथ्या लागंल. काथ्याशिवाय ही पोरगी घरात राहायची नाय."

"शहराच्या धक्क्यावर गलबतं लागतात," यूसुफ म्हणाला. "मी जातो. दोर मागून आणतो. मुस्तफाची बस उद्या सुटते, परवा परत..."

"परवा ही वाळली असंल. माती कुणाची वाट बघत नाय."

खोलीत कुठेच काथ्या नव्हता. खाटेची नवार सुताची. झाडू खजुरीच्या पानांचा. फखरुन्निसाने पायपुसणं दाखवलं, तेही चिंध्यांचं निघालं.

मावशी मातीने माखलेले हात वर धरून थोडा वेळ बसून राहिली. बाहेरून ऊन खोलीत येत होतं आणि तिच्या डोळ्यांत नुसतं पांढरं होऊन थांबत होतं. कोपऱ्यात सुंभाने आवळलेली पेटी होती. हिराजीने पेटीकडे पाहिलं आणि चटकन नजर दुसरीकडे नेली. यूसुफनेही पाहिलं.

मावशी उठली. कोपऱ्यात गेली. पहिल्या गाठीला दातांनी धरलं.

सुंभाची गाठ आठ महिन्यांत मुरली होती. ती सुटेना. हिराजी म्हणाला, "चाकू देऊ?" तिने तोंडात सुंभ असतानाच मान हलवली. पहिली सुटली. दुसरीला फखरुन्निसा बसली तिच्याशेजारी, बांगड्या मागे सारून. तिसरी, चौथी. सातवी सुटली तेव्हा पेटीचं झाकण आपसूक बोटभर वर आलं आणि आतून कापराचा आणि जुन्या लुगड्यांचा वास बाहेर पडून खोलीभर झाला.

"उलगडा," मावशी म्हणाली. "पीळ सगळा काढायचा. मग बारीक कातरायचा, नखाएवढा."

भरती

रविवारी यूसुफने रजा काढली. सांगितलं, ऊन लागलंय. अशरफने लगेच मानलं.

पेटीतली लुगडी आता भिंतीच्या खुंट्यांवर होती. पाट जमिनीवर डुलत होता. मावशीने खाली कागद घालू दिला नाही. "हा जसा हाय तसा हाय," ती म्हणाली. "देव याच्यावर बसणार, तर याचं डुलणं देवाला सांभाळता यायला हवं. तू तो कोपरा धर. दाबू नको. नुसता धर."

यूसुफने फखरुन्निसाकडे पाहिलं. ती काथ्या कातरत होती. "पाट धरायला सांगितलाय," ती मान वर न करता म्हणाली. "तेवढाच धर."

त्याने पाट धरला. मावशीने मातीत काथ्या मळला आणि बैठक मांडली. पाट ज्या बाजूला कलत होता त्याच्या उलट बाजूला तिने पोट थोडं जास्त दिलं, मांडी थोडी रुंद केली. डोळ्यांनी पाहत नव्हती म्हणून कदाचित ती घाईही करत नव्हती. बोटं जात, थांबत, ओल्या फडक्याला पुसली जात, पुन्हा जात. आखडलेल्या करंगळीने तिने कानामागची खोबण काढली. धड बोट तिथे शिरलं नसतं. हिराजी दर थोड्या वेळाने गोणपाट भिजवून खिडकीला लावत होता, म्हणजे ऊन एकदम आत येऊन माती ओढणार नाही.

"गप का?" मावशीने विचारलं.

"काय बोलू?"

"आळीत काय चाललंय?"

यूसुफचा हात पाटावर बधिर होत आला होता. "मावशी, ती आळी खोटी आहे."

"मी कधी म्हटलं खरी हाय? आमची आळी मला पाठ हाय, ती तुला कशाला विचारू? तिथं खाडी नाय, वाळू नाय. आणि पारू उजव्या सोंडा वळायची, अख्खी आळी तिला शिव्या द्यायची." तिने सोंडेचा गोळा तळव्यावर लांबवला. "तुझ्या आळीत ती सुधारली. सांग पुढं."

यूसुफ सांगू लागला. सुरुवातीला शब्द अडखळले. मग उतार लागला. पडव्यांत कुंभार काम करत होते, आणि आज त्याच्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या पाटाशी कोणीतरी एक जण कोपरा धरून बसलेला आहे. खाडीकडून गार वारा येत होता. विहिरीच्या काठावर चपलांचा ढीग होता, पेणच्या, जयगडच्या, आणि एक जोड अहमदीचा, त्याच्या चपलेच्या तळाला फिकी माती लागलेली. भावाच्या कारखान्याचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं, पण एका फळीवर नावाची जागा मोकळी ठेवलेली होती.

"पाणी?" मावशीने हात न थांबवता विचारलं. सोंड बसली होती, डावीकडे वळलेली, टोकाशी अजून ओली.

"चढतंय. पारूच्या ओटीला लागलं."

"आणि आपल्या उंबऱ्याला?"

यूसुफने दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर उलगडलेल्या सुंभाचा भुसा पडला होता, आणि गोणपाटातून ठिबकलेलं पाणी त्यातून वाट काढत आत येत होतं.

"लागलं," तो म्हणाला.

"मग उचल वर."

त्याने दुसरा हात पाटाखाली घातला. हिराजीने पलीकडची बाजू धरली. "आवडा, हिराजीची आई, अहमदी," मावशीने घराचं नाव घेतलं, आळीत घेतात तसं, आणि दोघांनी पाट अलगद उचलून रिकाम्या पेटीच्या झाकणावर ठेवला. तिथे तो डुलला नाही.